दातांच्या रांगेत

“गाल धरून बसा,” नत्थूनं त्या माणसाला सांगितलं. “अन् कोणी इचारलं तं दाढ म्हणा.”

“पण माही दाढ तं ठणठणीत हाय!”

“मले मालूम हाय. तुमाले काय हाय तेबी मालूम हाय. पण तुमच्याच गावचे तिघं जण तिकडे डोळ्याच्या लाइनीत बसून हायेत. त्याइले सांगाचं हाय का?”

आर्वीहून पहिल्या एसटीनं आलेल्या त्या माणसानं मान वळवून पाहिलं आणि घाईघाईनं गालावर हात ठेवला. नत्थूनं त्याला दातांच्या विभागासमोरच्या बाकावर बसवलं, त्याच्या बायकोला शेजारी बसवलं आणि खाली वाकून हळूच पुढची सूचना दिली. “नावानं हाक येनार नाई. मी इथून जाताना खोकलीन. खोकललो का उठा अन् माह्या मांगं सरळ या. इकडे तिकडे पाहू नका.”

वर्ध्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात पहिल्या मजल्यावर एक लांब व्हरांडा आहे. जिन्यानं वर आलं की डावीकडे डोळे, उजवीकडे दात आणि पार टोकाला खोली नंबर सतरा. तिच्यावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे. हा शब्द उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून लोकांनी तिचं सोपं बारसं केलं होतं: मेंटलची खोली. आता एवढं सोपं नाव ठेवल्यावर त्या दारासमोर बसायला कोण येणार? सात वर्षांपूर्वी नत्थू थूलची तिथे शिपाई म्हणून बदली झाली, तेव्हा पहिले पंधरा दिवस तो हेच पाहत होता. माणसं जिना चढून वर येत, पाटी वाचत आणि पाणी प्यायला आल्याचं सोंग करून खाली निघून जात.

मग त्यानं ही युक्ती काढली. दातांच्या विभागातला मोतीलाल त्याचा जुना दोस्त होता, त्याला सामील करून घेतलं. सतरा नंबरचे पेशंट दातांच्या बाकावर बसतील, मोतीलाल त्यांना उठवणार नाही आणि नत्थू खोकला की ते एकेक करून टोकाच्या दारात शिरतील. त्या रांगेत बसून किती जणांनी न दुखणारी दाढ धरली असेल, त्याची गणती नाही. ही लबाडीच होती, पण मी तिला नावं ठेवणार नाही. तिच्या आडोशानं त्या दारातून आत गेलेली कितीतरी माणसं आज चालतीबोलती आहेत. पुढे ती बरी झाली की नत्थूला सीताफळं आणून देत, तुरीच्या शेंगा आणून देत, आणि बाजारात भेटला तर मात्र ओळख देत नसत. नत्थूला त्याचं वाईट वाटत नसे. ओळख न देणं हीच आपल्या कामाची पावती, असं तो म्हणायचा.

खोलीत छाया मॅडम बसत. नत्थूचं स्टूल दाराबाहेर, आणि मधली भिंत प्लायवूडची. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानाला झाकण नसतं. सात वर्षांत नत्थूला मॅडमचे सगळे प्रश्न पाठ झाले होते. झोप कशी लागते, भूक कशी आहे, आधी जे करायला आवडायचं ते आता करावंसं वाटतं का, शून्य ते दहामध्ये आज मन कितीवर आहे. मॅडम समोरासमोर खुर्ची ठेवत नाहीत, थोडी तिरपी ठेवतात. कोणी रडलं तर ‘रडू नका’ म्हणत नाहीत. माणूस गप्प झाला तर त्याही गप्प राहतात, आणि तेव्हा नत्थू बाहेर मनातल्या मनात आकडे मोजायचा. दहापर्यंत गेलं की बहुधा आतला माणूस बोलायला लागायचा. पहिल्यांदा आलेले लोक बाहेर येऊन म्हणत, “बाईनं तं काईच सांगतलं नाई, नुसतं इचारलं.” आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गाल धरून बाकावर हजर.

नत्थूला आणखी एक गोष्ट कळली होती. लोक फार उशिरा येतात. महिना महिना झोप नाही, अन्नावर वासना नाही, घरात बोलणं नाही, तरी आधी सलाइन लावतील, अंगारा लावतील, नजर उतरवतील आणि सगळं थकलं की मग इथे येतील. “काऊन नाई आणलं आधी?” असं तो त्यांना दरडावून विचारायचा. विचारायचा त्याला हक्कच होता, असं त्याला वाटायचं.

आणि या नत्थूच्या स्वतःच्या घरात, नालवाडीला, रोशनी दिवाळीपासून खाटेवर पडून होती.

रोशनी त्याची एकुलती एक. पंचवीस वर्षांची, बीएस्सी झालेली, एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गेलीच नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, मग क्लासवाल्यांनी दुसरी मुलगी ठेवली. रोशनीला त्याचंही काही वाटलं नाही. तिची केसांची वेणी चार चार दिवस तशीच असायची. पहाटे तीनला उठून बसायची आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. नत्थूनं कारण शोधलं. पोरगा? नाही. क्लासमध्ये कोणी काही बोललं? नाही. पैसा? नाही. कारण सापडलं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. काहीच सापडत नव्हतं आणि पोरगी डोळ्यांदेखत विझत चालली होती.

मॅडमना सांगायला त्याला दोन पावलं चालावी लागली असती. पण नाही सांगितलं. एक तर रोशनीचं जमत आलं होतं. भैयाजी म्हणजे नत्थूच्या बायकोचे मामा, रिटायर्ड मास्तर, समाजातली निम्मी लग्नं त्यांच्या मध्यस्थीनं जुळलेली. त्यांनी पुलगावचा मुलगा आणला होता, अंकुश. लष्कराच्या डेपोत पर्मनंट, निर्व्यसनी, आईबाप शेतीवाडीवाले. मुलीचा फोटो पसंत होता आणि येत्या गुरुवारी मंडळी पाहायला यायची होती. अशा वेळी मुलगी सतरा नंबरमध्ये दिसली तर संपलंच.

दुसरं कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. नत्थूला वाटलं, मॅडम जे करतात ते आपल्यालाही येतं. सात वर्षं ऐकलंय. प्रश्न तेच विचारायचे, खुर्ची तिरपी ठेवायची, मधे बोलायचं नाही. त्यात काय आहे?

मग तो रोज संध्याकाळी ड्युटीवरून आला की हातपाय धुऊन घरापुढच्या छपरीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायचा. एक सरळ, एक तिरपी. मधे पाण्याचा तांब्या. आनंदाबाई, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची. “हे काय नवीन खूळ काढलं तुमी?” असं ती पहिल्या दिवशी म्हणाली, तर नत्थूनं ओठावर बोट ठेवलं.

“काल झोप कशी लागली?”

“लागली, बाबा.”

“शून्य ते दहामंधी आज मन कितीवर हाय?”

रोशनी थोडा विचार करायची. “तीन.”

मग आठवडाभरानं चार. मग पाच. संक्रांतीच्या दिवशी सहा. नत्थूला रात्री जेवण गोड लागलं. बायकोला म्हणाला, “पाह्य, बिनगोळीचं काम करून राह्यलो मी.” रोशनीनं त्या दिवशी वेणीही घातली होती. फक्त एक प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता, मॅडमचा शेवटचा. ‘जगू नये असं वाटतं का?’ मॅडम तो प्रश्न झोप आणि भूक विचारतात त्याच आवाजात विचारतात. नत्थू रोज तिथपर्यंत यायचा आणि तांब्या उचलून आत जायचा. आकडा चढतोय ना, मग कशाला तोंडातून असला शब्द काढायचा?

रविवारी दुपारी तो बाजारातून आला तर छपरीत शेजारची सुरभी बसलेली. बारावीतली मुलगी. तिच्या मांडीवर रोशनीचे तीन ड्रेस, वर घड्याळ, वर चांदीचे पैंजण. रोशनी तिला समजावून सांगत होती की पिवळा ड्रेस धुताना वेगळा धुवायचा, रंग जातो. सांगताना ती हसत होती. तीन महिन्यांत नत्थूनं तिला हसताना पाहिलं नव्हतं.

“पाह्यलं का?” आनंदाबाईनं त्याला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं. तिचा चेहरा नुसता फुलला होता. “पोरगी तयारीले लागली. जुनं सामान वाटून राह्यली. सासरी जायाचं मनात घेतलं तिनं. मी भैयाजी मामाले फोन करून सांगतलं बी.”

नत्थूच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मागच्या वर्षी सेलूकडची एक आई आपल्या मुलाला घेऊन आली होती. तेव्हा मॅडम तिला आत जे सांगत होत्या ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. बरेच दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत झाला, हसायला लागला, आपल्या आवडीच्या वस्तू वाटायला लागला, तर तो बरा झाला असं समजू नका. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका आणि थांबू नका.

त्यानं सुरभीला घरी पाठवलं. खुर्च्या मांडल्या. तांब्या मात्र आणलाच नाही.

“आज मन कितीवर हाय, बेटा?”

“आठ,” रोशनी म्हणाली.

मग त्यानं तो प्रश्न विचारला. मॅडमच्या आवाजात विचारायचा ठरवला होता, पण आवाज भलताच निघाला.

रोशनीनं त्याच्याकडे पाहिलं. “बाबा,” ती म्हणाली, “तुमाले कोणतं उत्तर पाह्यजे?”

आता इथे गप्प राहायचं होतं. दहापर्यंत मोजायचं होतं. नत्थूनं मोजायला सुरुवात केली आणि चारवर त्याचा धीर सुटला. “जाऊ दे,” तो म्हणाला. “जाऊ दे ते. भाकर खाऊन घे.” आणि तो उठला. लोकांच्या लेकरांना त्या दारातून आत पाठवणारा हा माणूस स्वतःच्या लेकराचं एक वाक्य ऐकायला थांबू शकला नाही.

परसात जाऊन त्यानं मॅडमना फोन लावला. सात वर्षांत पहिल्यांदा.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “तीन महिने, नत्थूजी?” एवढंच म्हणाल्या.

“मी इचारत होतो, मॅडम. सारे प्रश्न इचारत होतो. तुमच्यासारखेच.”

“मला माहीत आहे तुम्ही नीट विचारले असतील. पण ती बापाला उत्तर देत होती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आकडा वाढवत होती. माझा मुलगा असा पडला ना, तर मीसुद्धा त्याला दुसऱ्या कोणाकडे नेईन. तिला असं माणूस हवं जे तिचं ऐकून मोडून पडणार नाही.” मग त्यांनी भराभर सांगितलं. तिला एकटं सोडायचं नाही, दोघांपैकी एकजण जवळच हवा. घरातली औषधंबिषधं सगळी उचलून शेजाऱ्यांकडे ठेवायची. काही वेगळं वाटलं तर सकाळची वाट न पाहता सरळ अपघात विभागात आणायचं. नाहीतर उद्या नऊला. “बोलणं माझ्याकडे होईल. औषध लागेल असं वाटलं तर वरच्या मजल्यावरच्या मानसोपचार डॉक्टरांना लगेच दाखवू. पण उद्याच.”

“उद्या सोमवार हाय,” नत्थू म्हणाला.

“मग?”

सोमवारी भैयाजी डोळ्यांच्या विभागात यायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दर सोमवारी. आणि गुरुवार चार दिवसांवर होता. शुक्रवारी आणलं तर कोणाला कळणार नाही, लग्नही राहील. हे सगळं नत्थूच्या जिभेवर आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. “नाई, काई नाई,” तो म्हणाला. “आणतो.”

आनंदाबाईला सांगितलं तेव्हा ती आधी भांडली, मग खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. “मले वाटलं तयारी करून राह्यली,” एवढंच ती म्हणत होती. रात्रभर ती रोशनीच्या खाटेला खाट लावून पडली.

सकाळी नत्थूनं रोशनीला लूनावर बसवलं. आनंदाबाई मागून ऑटोनं आली.

“कुठी नेऊन राह्यले, बाबा?”

“मॅडमकडे.”

“लोक पाह्यतीन.”

“पाहू दे,” नत्थू म्हणाला. बोलला खरा. पण दवाखान्यात शिरल्यावर जिन्याच्या वरच्या पायरीवरून त्याला डोळ्यांच्या रांगेत भैयाजींचं पांढरं धोतर दिसलं, आणि सात वर्षांची सवय अशी की त्याचे पाय आपोआप उजवीकडे वळले. आनंदाबाईला त्यानं खाली केसपेपरच्या खिडकीवर उभं केलं होतं. रोशनीला दातांच्या बाकावर बसवलं, ओढणी डोक्यावरून पुढे घेतली. “इथीच बस. मी मॅडमले सांगून आलोच.” तिनं मान हलवली. गाल धर, असं मात्र त्याच्यानं म्हणवलं नाही.

मॅडम नुकत्याच आल्या होत्या, पर्स टेबलावर ठेवत होत्या. “आणलंत? कुठे आहे?”

“तिकडे. दाताच्या लाइनीत बसवली.”

मॅडमनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की नत्थूला ती नजर पुढे बरेच दिवस पुरली. “एकटी?”

तो वळला. बाकावर रोशनीच्या जागी एक जाडजूड बाई बसली होती आणि तोंड वासून शेजारणीला किडलेली दाढ दाखवत होती.

मोतीलाल भाचीच्या लग्नाला गेला होता आणि त्याच्या जागी सचिन नावाचा नवा मुलगा होता. त्याला युक्ती कोणी सांगणार? तो रजिस्टर घेऊन इमानानं आपलं काम करत होता.

“इथी एक पोरगी होती. निळ्या ओढणीची.”

“हो, तिचं नाव नव्हतं लिस्टमंधी, काका. केसपेपर बी नव्हता. म्या म्हटलं, बाई, तुमचं नाव इथी नाई, पेशंटले बसू द्या. तं उठून गेली.”

“कोणीकडे?”

सचिननं खांदे उडवले. बिचाऱ्याचा काय दोष? त्यानं आजवर कोणी न केलेली गोष्ट केली होती, दातांच्या बाकावर दातांचा पेशंट बसवला होता.

“रोशनी!” नत्थू ओरडला. “ए रोशनी!” ज्या व्हरांड्यात त्यानं सात वर्षांत कोणाचं नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं, तिथे तो आपल्या पोरीचं नाव ओरडत धावत सुटला. डोळ्यांच्या रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. औषध टाकून मान मागे टेकलेले भैयाजी डोळे मिटूनच म्हणाले, “कोण? नत्थूजी का? काय झालं?” नत्थू थांबला नाही. जिना, मेडिसिनची ओपीडी, केसपेपरची खिडकी. आनंदाबाई रांगेतून त्याच्याकडे नुसती बघत राहिली, विचारायची तिची हिंमत झाली नाही. “गेटवर पाह्य!” तो तिला म्हणाला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. तोंडानं तो काय बोलत होता ते त्यालाही कळत नव्हतं. नाव घेत होता फक्त.

इमारतीमागे धोबीघाटाजवळ दोरीवर हिरव्या चादरी वाळत होत्या. ओळीच्या ओळी. तिसऱ्या ओळीमागे त्याला निळी ओढणी दिसली. रोशनी जमिनीवर, गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसली होती.

नत्थू तिच्यासमोर मातीत बसला. दम इतका लागला होता की बोलता येईना.

“त्या पोरानं उठवलं,” रोशनी शांतपणे म्हणाली. “म्हणे, तुमचं नाव इथी नाई. म्या म्हटलं, बरोबर हाय. माह्यं नाव कुठीच नाई.”

“चूक माही हाय, बेटा. मी तुले तिथी बसवाले नाई पाह्यजे होतं.”

चादरींतून पाणी ठिबकत होतं. आता मोजायची गरजच पडली नाही, कारण नत्थूला बोलायला काही सुचतच नव्हतं.

“काल तुनं इचारलं होतं, कोणतं उत्तर पाह्यजे,” तो शेवटी म्हणाला. “मले खरं पाह्यजे.”

रोशनीनं डोकं गुडघ्यावर टेकवलं. “हाव, बाबा,” ती म्हणाली. “रोज वाटते. सकाळी उठलं का वाटते. तुमाले कसं सांगू? तुमी खुर्च्या मांडत होते.”

नत्थूला ओरडावंसं वाटलं, तिच्या पाया पडावंसं वाटलं. असं नको बोलू, आमचं काय होईल, तुझी आई मरेल, हे सगळं घशाशी आलं. तो गप्प राहिला. मग तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, “मले हे ऐकून काय करावं समजत नाई, बेटा. खरंच नाई समजत. मॅडमले समजते. चालतं का तिकडे?”

ती उठली. चादरींमधून दोघं बाहेर आले. जिन्यावर आनंदाबाई भेटली, तिनं एका बाजूनं धरलं. भर व्हरांड्यातून, डोळ्यांच्या रांगेसमोरून, दातांच्या रांगेसमोरून ते तिघं चालत गेले, आणि नत्थूनं तिची ओढणी पुढे घेतली नाही. सतरा नंबरच्या दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांनी रोशनीला आत घेतलं, आनंदाबाईला दारातल्या खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळानं आनंदाबाईलाही बाहेर पाठवलं आणि दार लावलं. आनंदाबाई जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

नत्थू आज दाराबाहेर बसला नाही. दूर, दातांच्या बाकाच्या टोकाला जागा होती तिथे जाऊन बसला. थोड्या वेळानं भिंत चाचपत भैयाजी आले. औषधामुळे त्यांना धूसर दिसत होतं. त्यांनी नत्थूचा खांदा शोधला आणि शेजारी बसले.

“रोशनी होती ना?”

“हाव.”

“त्या खोलीत गेली?”

“हाव, भैयाजी. जीव नको म्हनते.”

भैयाजींनी उपरण्यानं डोळे टिपले. औषधानं पाणी येत होतं की कशानं, ते कळायला मार्ग नव्हता. मास्तर होते, माणसं जोडण्यात आयुष्य गेलेलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, “हे पाह्या, कोणाले काई माहीत पडाची गरज नाई. मी पुलगावले सांगतो, दाढ दुखून राह्यली होती पोरीची, दातांच्या डॉक्टरकडे आणलतं. इथी साऱ्याइनं तिले या बाकावरच बसलेली पाह्यली. गुरुवार आपला कायम ठेवू.”

नत्थूच्याच युक्तीचं ते दार होतं, आणि भैयाजींनी ते त्याच्यासाठी प्रेमानं उघडून धरलं होतं. एवढं चांगलं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. पंचवीस वर्षांची पोर, एकुलती एक, आणि आजच्यानंतर नालवाडीत काय बोललं जाईल ते नत्थूला पाठ होतं.

“नाई, भैयाजी,” तो म्हणाला. “खरं सांगा त्याइले. मन बिमार हाय म्हणा. इलाज चालू केला म्हणा.”

“मंग ते येनार नाईत, नत्थूजी.”

“नाई आले तं नाई.”

व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला. आधी बारीक, मग मोठा. रोशनी रडत होती. तीन महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. आता अशी रडत होती की डोळ्यांच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

“पोट्टी रडून राह्यली,” भैयाजी घाबरून म्हणाले. “जा ना तुमी आत.”

“नाई,” नत्थू म्हणाला. “रडू द्या तिले.”

त्यानं दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती. सचिन रजिस्टर घेऊन आला, दोघांकडे पाहून थांबला, आणि काही न विचारता पुढचं नाव पुकारत निघून गेला.